कानामागची पेन्सिल

तो शाळेच्या ऑफिसच्या खिडकीशी आला तेव्हा तिच्या ओठांत टाचणी होती. एरवी दिवसभरात तिच्या जिभेला विसावा असा नसेच. कागद टाचताना ओठांत टाचणी धरायची तिची सवय होती, आणि तेवढ्यापुरतं काय ते शाळेला शांत वाटे.

ती त्या शाळेची कारकून. प्रवेशाचे अर्ज, दाखले, पत्रं हे सगळं तिच्याकडे होतंच, पण तिची खरी ओळख निराळी होती. सकाळची प्रार्थना झाली की शाळेच्या भोंग्यावरून दिवसाच्या सूचना तीच सांगायची. देवानं तिला आवाज दिला होता तो हातचं काही राखून न ठेवता, स्वच्छ आणि गोड, शेवटच्या बाकापर्यंत पोचणारा. मुलं तिच्या माघारी तिला भोंगाताई म्हणत. तिला ते ठाऊक होतं, आणि खरं सांगायचं तर आवडतही होतं.

खिडकीबाहेर भुरभुर पाऊस होता. त्याच्या खांद्यांवर बारीक थेंब बसले होते. बाह्या दुमडलेल्या, खांद्याला जाड कापडाची पिशवी, पिशवीतून करवतीची मूठ डोकावणारी, आणि कानामागे लाल पेन्सिल. ओल्या लाकडाचा वास त्याच्याआधी आत आला. त्यानं कानामागची पेन्सिल काढून हातात घेतली आणि तोंड उघडलं.

“मी... सु... सु—”

तिनं ओठांतली टाचणी काढली. “सुतार. कळलं हो, पिशवीच सांगतेय. पंधरा दिवस निरोप धाडतोय आम्ही. या, असे आतून या.”

तो काही म्हणणार तोवर ती किल्ल्या घेऊन पुढे निघालीसुद्धा. जुन्या कागदपत्रांच्या खोलीतलं कपाट तिनं दाखवलं. त्याचं दार एकदा लागलं की दोघांनी ओढल्याशिवाय उघडत नसे. त्यानं “दार...” म्हणताच तिनं “खालून घासतं, हो” म्हटलं. त्यानं “नाही, मी...” म्हणताच तिनं मोजायची पट्टी आणून दिली. मग त्यानं एकदा तिच्याकडे पाहिलं, एकदा कपाटाकडे पाहिलं, आणि पिशवीतून रंधा काढला.

तासाभरानं कपाटाचं दार करंगळीनं उघडत होतं. ती खूश होऊन खिडकीशी परतली, तर त्यानं तिच्यापुढे घडी घातलेला एक कागद ठेवला. कागद त्याच शाळेचा होता. पाचवी ते सातवीसाठी सुतारकामाचे शिक्षक म्हणून आजपासून सहा महिन्यांच्या परीक्षेवर नेमणूक. खाली मोठ्या बाईंची, म्हणजे मुख्याध्यापिकांची सही.

तिचे कान तापले. “अहो, मग सांगितलं का नाही?”

त्यानं पुन्हा पेन्सिल हातात घेतली. ती हातातला कागद पुन्हा वाचू लागली.

“स... सांगत होतो,” तो म्हणाला. “तुमचं... संपायची वाट बघत होतो.”

आणि पेन्सिल कानामागे गेली. त्याचे ओठ गंभीर होते. डोळे मात्र हसत होते, आणि ते हसणं तिच्याबरोबर घरापर्यंत गेलं.

शाळेच्या मागच्या अंगाला पत्र्याच्या छपराची लांबट खोली होती. तिथे त्याची कार्यशाळा लागली. चार लांब टेबलं, भिंतीवर ओळीनं टांगलेल्या करवती, पटाशा, काटकोन जुळवायचे गुण्ये, आणि जमिनीवर रंध्याखालून निघालेली लाकडाची पातळ वेटोळी. पहिल्याच तासाला त्यानं मुलांना सांगून टाकलं होतं, की मी बोलताना अडखळतो. लहानपणापासून. दुखत नाही, त्याची लागण होत नाही, घाईत आणखी वाढतं. पेन्सिल माझ्या हातात आहे तोवर माझं वाक्य चालू आहे असं समजायचं, कानामागे गेली की संपलं. ज्याला थांबवत नसेल त्यानं तोवर रंधा मारावा.

मोठ्यांना ज्या गोष्टीला वर्षं लागतात ती मुलांना आठवड्यात जमते. त्यांना पेन्सिलीचा नियम इतका आवडला की त्यांनी तो आपल्यालाही लावून घेतला. जाड भिंगांचा चष्मा लावणारी एक मुलगी होती. फळ्यावरचं वाचायला तिला वेळ लागे, आणि प्रत्येक वर्गात तिचं उत्तर दुसरंच कुणीतरी देऊन टाकी. या खोलीत ती पेन्सिल हातात घेऊन उभी राही, आणि तीस मुलं तिच्या तोंडाकडे पाहत राहत. तिचं उत्तर कधी चुकायचं. पण ते तिचं असायचं.

भोंगाताईनं हे सगळं दारातून पाहिलं होतं. गोड आहे, असं तिला वाटलं होतं. हा नियम मुलांसाठी आहे, असंही वाटलं होतं. तिला स्वतःला त्याची काय गरज? त्याच्या पहिल्या अक्षरावरून तिला पुढचं सगळं कळत होतं.

निदान तिची तशी समजूत होती.

मधल्या सुट्टीत दोघं चहाला ऑफिसबाहेरच्या बाकावर बसू लागले. ती बोलायची, तो ऐकायचा. त्यानं “काल...” म्हणावं आणि तिनं “पाऊस किती झाला ना” म्हणून वाक्य पुरं करावं. दहातली सात वाक्यं ती बरोबर पुरी करी, आणि उरलेल्या तीन वाक्यांनाही तो नुसती मान डोलावी. पुढे त्याला यातली गंमत कळली आणि तो मुद्दाम तिला आडवाटेला नेऊ लागला.

“तुमची ओढणी...” एकदा पावसामुळे आत कपाटापाशीच चहा घेताना तो म्हणाला.

“छान आहे ना? काठ आईनं विणलाय.”

त्यानं नकारार्थी मान हलवली. पेन्सिल हातातच. “...क... कपाटात अडकलीय.”

अडकली होती खरीच. ओढणीचं टोक कपाटात आणि ती बाहेर, असं तिचं पाच मिनिटं व्याख्यान चाललं होतं. ती इतकी हसली की चहा सांडला.

कधी त्याला फोन करायचा असे. लाकडाच्या वखारीत, नाहीतर दुकानात. फोनवर पलीकडचा माणूस “हॅलो, हॅलो” करून ठेवून देई. मग ती करी. त्याला त्याचं बरं वाटत नव्हतं असंही नाही. दमलेल्या माणसाच्या हातातली पिशवी कुणी घेतली तर बरंच वाटतं. पण रोज, प्रत्येक वळणावर, न विचारता घेतली, तर एक दिवस तो आपल्या रिकाम्या हातांकडे पाहत राहतो. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. आणि त्यानं सांगायला घ्यावं, तर तेही वाक्य तिनंच पुरं केलं असतं.

सहा महिने संपत आले. पालकसभेच्या आठवड्यात तो ऑफिसात आला तेव्हा नेहमीपेक्षा गंभीर दिसत होता. मोठ्या बाईंनी सांगितलं होतं, की प्रत्येक शिक्षकानं पालकांसमोर पाच मिनिटं आपल्या वर्गाबद्दल बोलायचं. त्याची नेमणूक पक्की करायची की नाही तेही त्यावरूनच ठरणार होतं. त्यानं मुलांपुढे तीनदा बोलून पाहिलं होतं. पाच मिनिटांत होत नव्हतं, बारा लागत होती.

“तुम्ही फक्त... माझं नाव पुकारा,” तो म्हणाला. “बाकी—”

“बाकी काळजीच करू नका,” ती म्हणाली. “मी आहे ना.”

तो क्षणभर तिच्याकडे पाहत राहिला. घंटा झाली. तो वर्गावर गेला, पेन्सिल हातातच घेऊन. हे तिला पुढे कितीतरी दिवसांनी आठवलं, की त्या दिवशी ती कानामागे गेली नव्हती.

सभेच्या दिवशी सभागृह भरलं होतं. मुलं पुढे सतरंजीवर, पालक मागे खुर्च्यांवर. तिनं त्याचं नाव पुकारलं. तो व्यासपीठावर आला, स्वच्छ सदरा, हातात पेन्सिल.

“तुमची मुलं...” तो म्हणाला, आणि पुढचा शब्द आला नाही.

त्याच्या गळ्याची शीर ताठली. डोळे मिटले गेले. शब्द दाराशी आला होता आणि दार आतून लागलं होतं. खुर्च्या करकरल्या. कुणीतरी खोकलं. दुसऱ्या रांगेतल्या एका गृहस्थानं घड्याळाकडे पाहिलं, आणि त्याच्या शेजारणीच्या ओठांवर काहीतरी हललं. भोंगाताईच्यानं ते पाहवेना. तिचे पाय आपसूक पुढे पडले. तिनं माइक आपल्याकडे वळवला आणि गोड हसून म्हणाली, “सरांना सांगायचंय, की तुमची मुलं फार हुशार आहेत...”

पुढे ती चार मिनिटं बोलली. सुंदर बोलली. हातांना शिकवणं, श्रमाचं मोल, एकाग्रता, सगळं त्यात होतं. टाळ्या पडल्या. तो तिच्या शेजारी उभा होता, खोलीत एखादं टेबल उभं असावं तसा. पेन्सिल हातातच होती.

सतरंजीवरच्या मुलांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. ती सगळी पेन्सिलीकडे बघत बसली होती. सभा सुटल्यावर चष्मेवाली तिच्याजवळ आली आणि फार शांतपणे तिनं विचारलं, “ताई, सरांच्या मध्ये का बोललात? पेन्सिल हातात होती.”

सोमवारी मोठ्या बाईंनी तिला बोलावलं आणि एक पत्र टंकायला दिलं. सुतारसरांना पुढच्या सत्रापासून शाळेची बाकं, दारं, फळे यांच्या देखभालीवर ठेवावं. वर्ग चित्रकलेचे शिक्षक बघतील. शुक्रवारपर्यंत त्यांनी होकार कळवावा.

तिला वाटलं, आपण चुकीचं वाचतोय. मोठ्या बाई काही दुष्ट नव्हत्या. तीस वर्षं त्यांनी शाळा आपल्या घरासारखी सांभाळली होती, आणि घर सांभाळणाऱ्या माणसाला अडचण दिसते तशी त्यांना दिसली होती. त्या म्हणाल्या, “हाताला गुण आहे माणसाच्या, मी कुठे नाही म्हणते? पण त्यांच्या वतीनं कुणीतरी बोलावं लागतं, हे तुम्हीच दाखवलंत ना सगळ्यांसमोर. रोज वर्गात तुम्हाला कुठून आणू?”

ते पत्र तिनं स्वतःच्या हातानं टंकलं. एका ओळीत तीन चुका झाल्या.

पत्र द्यायला ती कार्यशाळेत गेली तेव्हा तो एका चौरंगाचा पाय सरस, म्हणजे लाकूड चिकटवायचा डिंक, लावून शिकंज्यात आवळत होता. त्यानं पत्र वाचलं, घडी करून खिशात ठेवलं. तिनं एका दमात माफी मागितली, कारणं दिली, मोठ्या बाईंना दोष दिला, दुसऱ्या रांगेतल्या गृहस्थांना दोष दिला, मग स्वतःला दिला आणि रडली. तो थांबला. तिचं सगळं संपेपर्यंत थांबला. मग त्यानं पेन्सिल हातात घेतली. त्याचं पुढचं बोलणं इथे सरळ लिहिलंय, पण ते सरळ आलं नव्हतं. एकेका शब्दासाठी त्याला दरवाजा लोटावा लागत होता.

“तुम्ही छान बोललात. पण ते माझं नव्हतं. मी हुशार म्हणणार नव्हतोच.” तो थांबला. “लोक हसतात ते मला सोसतं. लहानपणापासून सवय आहे. तुम्ही... वाचवलंत, ते नाही सोसलं.”

पेन्सिल कानामागे गेली. त्यानं पाठ फिरवली आणि शिकंजा आणखी एक फेरा आवळला.

घरी ती जेवली नाही. आई शिवणयंत्रावर बसली होती. तिनं यंत्र थांबवलं, चष्मा कपाळावर सारला आणि काय झालं ते विचारलं. लेकीनं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाली, “आई, मी बाबांचं नाही का सगळं बोलायचे? त्यांना कधी राग आला नाही.”

तिचे बाबा आजारपणानंतर चार वर्षं जगले. वाचा गेली नव्हती, पण शब्द हरवत. “प...” म्हटलं की ही पाणी आणी. “खि...” म्हटलं की खिडकी उघडी. बाबा मान हलवत. सगळे म्हणत, लेक असावी तर अशी. बापाच्या मनातलं ओळखते.

आई बराच वेळ कापडावरून हात फिरवत राहिली. “तू कॉलेजात गेलीस ना दुपारची,” ती म्हणाली, “की ते माझ्याशी बोलायचे. मी इथे शिवत बसायची. एकेक वाक्य अख्खी दुपार पुरायचं.”

“काय बोलायचे?”

“एकदा म्हणाले, पोरीला सांगू नकोस. मला दर वेळी पाणी नको असतं. पण ती धावत आणते, मग मी पितो. तिला बरं वाटतं.”

आईनं चष्मा डोळ्यांवर घेतला, पण यंत्र काही सुरू केलं नाही, आणि मायलेकी त्या न शिवलेल्या कापडाशी बसून राहिल्या. चार वर्षं. किती पेले पाणी प्यायला असेल तिचा बाप, प्रेमानं, तहान नसताना. आणि “प” नं सुरू होणारं ते दुसरं काय असेल, जे त्याला खरं म्हणायचं होतं? ‘पोरी’ असेल? नुसतं ‘पोरी’?

गायकाचा जीव समेवर येण्याआधी क्षणभर जिथे टेकतो, तिथे कुणी मध्येच टाळी देऊ नये. सम त्याची असते. हे तिला आयुष्यात पहिल्यांदा कळलं, आणि कळलं तेव्हा बाबा नव्हते.

दुसऱ्या दिवशी ती कार्यशाळेच्या दाराशी उभी राहिली. आत गेली नाही.

“शनिवारी मुलांच्या कामाचं प्रदर्शन आहे,” ती म्हणाली. “मोठ्या बाईंना कुणीतरी जाऊन भेटायला हवं. मी जाऊ, की तुम्ही जाल, की कुणीच जायला नको?”

आणि ती गप्प झाली. त्यानं पेन्सिल हातात घेतली. छपरावरून रात्रीच्या अवकाळी पावसाचा एक थेंब खाली पडला, मग दुसरा. तिच्या जिभेवर चार वाक्यं तयार होती. तिनं ती गिळली. बोलणाऱ्या माणसाला आपली वाक्यं गिळणं औषधापेक्षा कडू लागतं.

“मी जातो,” तो म्हणाला. “तुम्ही... बरोबर या. ब... बोलू नका.”

जाण्यापूर्वी तिनं ऑफिसातून एक टाचणी घेतली आणि ओठांत धरली. मोठ्या बाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग तिच्या तोंडाकडे, आणि त्यांच्या भुवया वर गेल्या. पण त्यांनी काही विचारलं नाही.

“पालकसभेत... मी बोललोच नाही,” तो म्हणाला. “म्हणून माझी परीक्षा... झ... झालीच नाही. ती शनिवारी, प्रदर्शनात घ्या. मग पत्र द्या.”

“आणि शनिवारी पुन्हा अडकलात तर?”

“अडकेन.”

“मग?”

“मग... सुटेन.”

मोठ्या बाईंनी या उत्तराबद्दल थोडा विचार केला. सगळ्यांना वेळ सारखा मिळतो, त्या म्हणाल्या. त्यानं मान हलवली. सारखा नको होता त्याला, पुरेसा हवा होता, आणि किती पुरेल तेही त्यानं सांगितलं. पंधरा मिनिटं. मोठ्या बाई हिशेबी होत्या, पण खोट्या नव्हत्या. त्यांनी कार्यक्रमपत्रिका पुढे ओढली, स्वागताचं भाषण अर्धं केलं, आणि ते त्यांचं स्वतःचं होतं.

शनिवारी व्यासपीठाच्या दोन्ही बाजूंना मुलांनी केलेले चौरंग, फडताळं, पुस्तकं उभी ठेवायचे लाकडी घोडे मांडले होते. तिनं माइकवर त्याचं नाव पुकारलं, ‘सुतारकामाचे शिक्षक’ एवढंच जोडलं, आणि पायऱ्या उतरून खाली सतरंजीवर मुलांत जाऊन बसली. टाचणी ओठांत.

तो आला. पेन्सिल हातात घेतली.

“तुमची मुलं...”

पुन्हा तीच जागा. तोच दरवाजा. तिनं दोन्ही हात सतरंजीत रोवले. खुर्च्या करकरल्या. वाट पाहणं संपेना. तिला वाटलं, मागच्या वेळीही असंच युगभर थांबले होते मी, आणि मग तिला कळलं, की नाही, मागच्या वेळी आपण दहा आकडे मोजण्याइतकंही थांबलो नव्हतो.

मागून एका बापानं मायेनंच आवाज दिला, “हुशार आहेत?”

थोडं हसू उठलं. तशी चष्मेवाली वळली. तिनं ओठांवर बोट ठेवलं आणि मग तेच बोट आपल्या कानामागे नेऊन रिकामी जागा दाखवली. तिच्या शेजारची मुलगी वळली, मग सगळी रांग वळली. तीस मुलं आपल्याच आईबापांना कानामागची रिकामी जागा दाखवत होती. ती खूण आधी कुणाला उमगेना. मग ज्यांना घरी पेन्सिलीची गोष्ट ऐकून ऐकून पाठ झाली होती, त्या आया हसल्या आणि शेजारच्यांना कुजबुजत समजावू लागल्या. हळूहळू सभागृह निवांत झालं. आता ते अवघडून थांबलं नव्हतं, चांगलं मांडी घालून बसल्यासारखं थांबलं होतं.

“...थ... थांबायला शिकलीत,” तो म्हणाला.

पुढचं बोलायला त्याला तेरा मिनिटं लागली. पहिल्या महिन्यात मुलांचे सगळे सांधे निखळले होते, त्यानं सांगितलं, कारण सरस लावला की दर पाच मिनिटांनी ती बघायला जात, धरला का, धरला का. बघायला हात लावला की सांधा हलतो. हळूहळू ती हात मागे घ्यायला शिकली. आज व्यासपीठावर सत्तावीस वस्तू आहेत, एकीचाही सांधा हलत नाही, येऊन बसून बघा. मग तो बराच वेळ अडकला, आणि या वेळी कुणीच वळून पाहिलं नाही. “काही मुलं हळू वाचतात,” तो म्हणाला. “हळू चालतात. हळू बोलतात. त्यांच्यात काही... तुटलेलं नाही. त्यांना फक्त... वाळायला वेळ द्या.”

पेन्सिल कानामागे गेली.

पहिल्या टाळ्या सतरंजीवरून उठल्या. भोंगाताई टाळ्या वाजवायला विसरली. तिच्या ओठांतली टाचणी ओली झाली होती, आणि गालही.

मोठ्या बाई विरघळून वगैरे गेल्या नाहीत. त्या एका चौरंगावर जाऊन बसल्या, दोन्हीकडे डोलून पाहिलं, चौरंग हलला नाही. मग त्यांनी ऑफिसच्या खिडकीशी येऊन तिला दोन गोष्टी टंकायला सांगितल्या. एक, नेमणूक पक्की. दोन, सुतारकामाला यापुढे जोडून दोन तास. “एका तासात त्यांचं बोलणं पुरं होत नाही,” त्या कोरडेपणानं म्हणाल्या. “आणि त्या चष्मेवालीचंही. बाकीच्या वर्गांतही काही करता येतं का ते बघायला हवं.” या वेळी टंकताना एकही चूक झाली नाही.

ती पत्र घेऊन कार्यशाळेत गेली तेव्हा संध्याकाळचं तिरपं ऊन पडलं होतं आणि त्यातच बारीक अवकाळी पाऊस. तो वेटोळी झाडून काढत होता. त्यानं पत्र वाचलं, दोनदा वाचलं. तिनं काहीच म्हटलं नाही. त्यानं मान वर करून विचारलं, की आज तोंडात टाचणी नाही, मग एवढं शांत कसं.

“सराव करतेय,” ती म्हणाली. “अवघड आहे हो. तुम्हाला कसं जमतं?”

“मला... प... पर्याय नव्हता.”

दोघं हसले. त्यानं झाडू भिंतीला टेकवला. तिच्या केसांत लाकडाचं एक वेटोळं अडकलं होतं, ते त्यानं दोन बोटांनी काढलं आणि टाकून न देता मुठीत धरलं. मग कानामागची पेन्सिल हातात घेतली.

“मला आयुष्यभर तुमच्या...”

तो थांबला.

तीही थांबली. पत्र्यावर पाऊस बोलत होता. तिनं त्याच्या ओठांकडे पाहिलं नाही, ते पाहिलं की घाई होते. हाताकडे पाहिलं. पेन्सिल हातातच होती. तिला आता थांबता येत होतं. हा शब्द यायला सकाळ झाली असती तरी ती तिथेच उभी राहिली असती... पाऊस थांबला असता, ऊन गेलं असतं, तरीही.

आणि मग तिच्या लक्षात आलं, की त्याच्या गळ्याची शीर ताठलेली नाही. डोळे मिटलेले नाहीत. ते हसताहेत. पहिल्या दिवशी हसले होते तसेच.

“अडकलो नाहीये,” तो म्हणाला. एकही अक्षर न लोटता. “हे वाक्य तुमच्यासाठी ठेवलंय.”

आणि त्यानं पेन्सिल तिच्या हातात दिली.

अख्ख्या शाळेला सूचना देणारी ती, आणि तिला शब्द सापडेना. तोंड उघडलं, मिटलं. “मी...” म्हणाली, आणि पुढे काही येईना. आयुष्यात पहिल्यांदाच तिचा शब्द आतून कडी लावून बसला होता. तो काय म्हणणार होता हे तिला माहीत होतं. ती काय म्हणणार आहे हे त्यालाही माहीत होतं. पण त्यानं तिचं वाक्य पुरं केलं नाही. तो टेबलाला टेकून उभा राहिला, निवांत, सांधा धरेपर्यंत उभा राहतो तसा.

“‘तुमच्या’ नाही,” ती शेवटी म्हणाली. आवाज अगदी लहान झाला होता, शेवटच्या बाकापर्यंत काय, टेबलापलीकडेही पोचला नसता. “तुझ्या. तुझ्या... शेजारी थांबायचंय. घाई नाही.”

आणि तिनं पेन्सिल आपल्या कानामागे ठेवली. सवय नव्हती, ती घसरली. त्यानं ती झेलली आणि हलकेच पुन्हा तिच्या कानामागे खोचली. या वेळी ती राहिली.